भीमाबाईचा निळा रुपया

रुआबांध्यात राहून ज्याने भीमाबाईच्या भट्टीवरचे फुटाणे खाल्ले नाहीत, त्याने भिलाईत येऊन केलं काय, असं माझं सरळ मत आहे. पाकिटातले चणे खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त त्यांना चहाला बोलावत नाही.

भीमाबाई मूळची भंडाऱ्याकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिचा नवरा बळीराम इथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका संपला की घरची चूल थंड. मग तिने आईकडून शिकलेली भट्टी अंगणात मांडली. मातीची चूल, वर लोखंडी कढई, कढईत काळीभोर वाळू. वाळू तापली की चणे टाकायचे, झाऱ्याने फिरवायचे, फुटले की चाळणीने वाळू खाली पाडायची. याच कढईवर तिने दोन मुलं शिकवली. ती आता रायपूरला नोकरीला आहेत आणि "आई, बस कर" म्हणतात. त्यावर ती विचारते, "मंग दिवसभर का तुमच्या फोटोले पायत बसू?"

भिंतीवर क्यूआर कोड लावलाय, पण तो मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांनी नाणंच आणायचं. "हातातून पैसा गेल्याबिगर लेकराले मोल समजत नाई," हा तिचा कायदा.

आणि या नाण्यांवरूनच रामायण घडलं. भीमाबाईकडून सुटे मिळायचे ते रंगीत. एखादा रुपया सोनेरी, एखादा जांभळा, एखादा तर मोराच्या मानेसारखा निळा. आम्हाला त्याची सवय झाली होती. पण मागच्या मार्चमध्ये कोपऱ्यावर दयारामने किराणा दुकान टाकलं आणि भीमाबाई तिथे गूळ घ्यायला गेली. त्याने तिचा रुपया उलटापालटा केला आणि चार गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर आपटला.

"बाई, हा नकली हाये. असे कलरवाले पैसे सरकार बनवते का? भट्टीवर चणे भाजून राहिल्या का पैसे पाडून राहिल्या?"

भीमाबाईने रुपया उचलला, घरी आली आणि पेटत्या भट्टीत तांब्याभर पाणी ओतलं. बळीरामला म्हणाली, "माह्या नावावर हा डाग हाये तवरोक भट्टी पेटन नाई."

झालं! आमच्या गल्लीत घरटी एक प्लांटचा माणूस, म्हणजे घरटी एक तज्ज्ञ. कोणी म्हणालं, चण्यांना लावलेल्या हळदीचा रंग आहे. कोणी दबक्या आवाजात टोणा म्हणालं, त्याला मी तिथेच झापलं. आमचे हे, धनंजय, प्लांटच्या लॅबमध्ये आहेत. त्यांचा निकाल तयारच होता: "कोक ओव्हनचा गॅस. हवेतला गंधक नाण्यावर बसतो." आमच्या भिलाईत कपडे काळवंडोत, खोकला होवो की केस गळोत, दोष प्लांटच्या चिमणीचा.

"मग माझ्या पर्समधले बाकीचे रुपये पांढरे कसे?" मी विचारलं. "हवा तर आपल्याकडेही तीच येते."

त्यांनी पेपरचं पान उलटलं. गंमत म्हणजे इतक्या शहाण्यांपैकी एकानेही खुद्द भीमाबाईला काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

एप्रिल लागला तशी माझी चिडचिड वाढली. दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत फुटाणे वाटले जायचे ते भीमाबाईचे, आणि कढईवर तर धूळ बसलेली. मी तिच्या घरी गेले. "चौदा तारखेला लेकरांना पाकिटातले चणे चारणार का?"

तो घाव बरोबर बसला. कढईवरची धूळ पदराने पुसत ती म्हणाली, "पेटवतो. पण त्या दयारामले समोर बसवा."

दयारामला आणणं सोपं होतं. "पैशांचा कारखाना पकडायचा असेल तर या," एवढंच मी म्हटलं. तो लगबगीने आला. सोबत आपल्या गल्ल्यातला कोरा रुपया, अदलाबदल झाली तर कळावी म्हणून त्याच्या कडेला कानशीने केलेली खूण. तो त्याने फुटाण्यांच्या मोबदल्यात सगळ्यांदेखत भीमाबाईच्या डब्यात टाकला.

अंगण भरलं होतं. भट्टी पेटली, चणे फुटले, विकले गेले. मी हावरटासारखे खाल्ले, खोटं कशाला सांगू! शेवटचा घाणा उतरल्यावर भीमाबाईने नाण्यांचा डबा घेतला आणि सगळीच्या सगळी नाणी रपकन तापल्या वाळूत ओतली. खाली दोन लाकडंही सारली.

"अहो भीमाबाई, हे काय?" मी किंचाळलेच.

"काय म्हंजे? कोरोनात टीव्हीवर सांगत नोयते का, पैशाले जंतू रायते म्हणून? धुऊन धुऊन माह्या हाताले चिरा पडल्या. तवापासून वाळूतच भाजतो." तिने आमची वासलेली तोंडं पाहिली. "कावून? तुमी नाई भाजत?"

धनंजयनी कपाळावर हात मारला. "अरे, रुपया स्टीलचा! स्टील तापलं की त्यावर पातळ पापुद्रा धरतो. पातळ असला तर सोनेरी दिसतो, जाड होत गेला की जांभळा, मग निळा. कढईच्या बुडाशी गेलेलं नाणं निळं, वरचं सोनेरी. रोज प्लांटमध्ये पाहतो मी हे!"

"रोज पाहता, तरी महिनाभर चिमणीला शिव्या घातल्या," मी म्हटलं. लोक खो खो हसले.

भीमाबाईने चाळणी हलवली. वाळू गळाली आणि वर लखलखती रंगीत नाणी राहिली. खूण केलेला रुपया गडद निळा झाला होता. दयारामला धीर कुठला! त्याने तो झडप घालून उचलला आणि "आई वं!" करून टाकला.

"खरा हाये का खोटा?" भीमाबाईने विचारलं.

"खरा हाये, बाई! खरा हाये!" बोटांवर फुंकर घालत तो नाचत होता.

भीमाबाई हसता हसता रडायला लागली. मीही रडले. इतका आनंद मला हे इंजिनीअर झाले तेव्हाही झाला नव्हता, आणि तसं मी यांना सांगितलंही.

जयंतीच्या सकाळी भट्टीसमोर ही रांग! निळे कपडे घातलेल्या प्रत्येक पोराला सुट्यांमध्ये निळा रुपया हवा होता. रांगेत दयारामही उभा. पाळी आल्यावर लाजत म्हणाला, "बाई, मलेही निळाच द्या न. दुकानात गणपतीसमोर ठेवतो."

भीमाबाईने डब्यात बोटं फिरवली, एक कोरा पांढरा रुपया शोधून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"तुमाले खरा पैसा पायजे होता न, शेठ? हा घ्या."