सगळ्यात हळू, तो पुढे

कदमकाका गेल्याच्या मेसेजवर मी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. त्यांच्या नंबरवरून मेसेज आला की तो रविवारच्या डोंगराचाच असणार, आणि पाच मिनिटांत अंगठा टाकला नाही तर काका फोन करून झोपमोड करणार, ही सोळा वर्षांची सवय. त्यामुळे वाचलाच नाही. तो त्यांच्या मुलीने पाठवला होता... वाचला तेव्हा मी दात घासत होतो.

काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्याच सोसायटीत राहणारे. डोंगरात त्यांचा नियम एकच : सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे आणि काका सगळ्यात मागे, म्हणजे कुणी सुटत नाही. या नियमामुळे अस्मादिक, वजन शहाण्णव किलो, आमच्या टोळीचे कायमचे म्होरके. समोरून कुणी उतरू लागलं की काका मागून ओरडायचे, "साहेबांना वाट द्या, साहेब ब्रेक लावूनच चालतात!" स्वतःबद्दल मात्र बजावून ठेवलेलं, "मला ज्या दिवशी पुढे चाला म्हणाल, त्या दिवशी मी घरी बसेन."

गेल्या दिवाळीनंतर राजगडला आम्ही दोघेच गेलो. काकांना सुवेळा माचीवरच्या नेढ्यात, कड्याला पडलेल्या त्या आरपार भोकात, पुन्हा एकदा जाऊन बसायचं होतं. पंच्याहत्तरी उलटलेली, पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं! चढ लागला आणि थोड्या वेळाने मागून त्यांच्या काठीचा आवाज येईना. वळून पाहिलं तर काका बरेच खाली, झाडाला धरून उभे. नियमाने आता त्यांनी पुढे यायला हवं होतं. पण तसं म्हणालो असतो तर ते तिथूनच उतरले असते आणि नेढं कायमचं राहिलं असतं... मी धपकन खाली बसलो.

"काका, थांबा हो! दम संपला!"

"बस बाबा, बस. रात्री भात कमी खात जा," म्हणत तेही येऊन टेकले. मग दर शंभर पावलांवर मी असाच बसत गेलो. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम होतं. त्यानंतरचा हा माझा पहिला अभिनय. भर दुपारी नेढ्यात पोचलो. वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. काका पाय पसरून बराच वेळ खालची दरी पाहत राहिले. मग डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि कानाशी येऊन ओरडले, "पोचलास की रे!"

परवा, ते जाऊन महिना झाल्यावर, हे गुपित मी बायकोला सांगितलं. जरा फुशारकीनेच. ती चहा गाळत होती. गाळणं हातात तसंच धरून म्हणाली, "अहो, त्या संध्याकाळी काकांचा मला फोन आला होता. म्हणाले, 'सूनबाई, याचं वजन उतरव. आज त्याला चढवत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम मागे रेंगाळत होतो. सांगू नकोस हं, वाईट वाटेल त्याला.'"