झोलेकाचं कापलेलं पोट

माझी थोरली जाऊ झोलेका म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या न्यू ब्रायटन वस्तीतली नावाजलेली स्वयंपाकीण. लग्न असो, मयत असो, चुलाण पेटलं की हुकूम तिचाच. देह भरभक्कम. आमच्याकडे बाईचं असं अंग म्हणजे नवरा नीट सांभाळतो याचा पुरावा. पण तिचे गुडघे गेले, साखर इंजेक्शनांनाही जुमानेना, झोपेत श्वास अडकायचा. पथ्यं करून झाली. उतरलेलं वजन परत यायचं आणि वर थोडं आणखी घेऊन यायचं. शेवटी सरकारी इस्पितळात पोटाच्या ऑपरेशनसाठी तिचा नंबर लागला.

हे कळताच आमची नणंद नोबान्तू येऊन धडकली.

"वहिनी, बारीक झालीस की लोक एड्स झाला म्हणतील. माझ्या भावानं उपाशी ठेवली म्हणतील."

"म्हणू देत, वन्सं. त्यांची तोंडं दुखतील, माझे गुडघे नाहीत."

तिचा नवरा मखुसेली हळूच म्हणाला, "मला तू अशीच आवडतेस."

"मलाही मी आवडते. साखरेला कोण समजावणार?"

डॉक्टर डेव्हिड्सबाईंकडे मी तिच्यासोबत गेले होते. बाईंनी काही लपवलं नाही. जठराचा मोठा भाग कापून काढायचा, उरेल ते केळ्याएवढं. पुन्हा पहिल्यासारखं होणे नाही. टाक्यांतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. क्वचित कुणी दगावतंही. गोळ्या जन्मभर. आणि जुन्या सवयी धरल्या तर वजन परत.

झोलेका म्हणाली, "गळती झाली तर मला कळेल कसं?"

"ताप, छातीत धडधड, पोटात नाहीतर डाव्या खांद्यात कळ. घरी थांबायचं नाही."

"आणि ऑपरेशन नाहीच केलं तर?"

"तर साखर मूत्रपिंडांपर्यंत पोचायची भीती आहे."

घरी येताना ती फाटकाशी थांबून एवढंच म्हणाली, "करणार."

ऑपरेशन झालं, ती घरीही आली. चार-पाच दिवसांत अंग तापलं, डावा खांदा ठणकू लागला. नोबान्तू म्हणाली, "गॅस धरलाय. आल्याचं पाणी घे आणि पड." झोलेका भिंत धरून उठली. "मखुसेली, गाडी काढ."

गळतीच होती. पोट पुन्हा उघडावं लागलं. कुशीत नळी, नाकात नळी. कित्येक दिवस ती जगते की जाते ते कळत नव्हतं. जराशी सावध झाली, तर नोबान्तू उशाशी उभी.

"मी सांगितलं होतं ना?"

"डॉक्टरनंही सांगितलं होतं, वन्सं," ती पुटपुटली. "ऐकूनच आले होते."

नोबान्तू बाहेर येऊन माझ्या खांद्यावर रडली.

पुढे झोलेका हिंडूफिरू लागली. केस गळले, दंडाची कातडी लोंबली, आणि कुजबूज व्हायची ती झालीच. एका लग्नात यजमानणीनं तिच्यापुढे मक्याच्या कण्या, घेवडा, मटण असं शिगोशीग ताट ठेवलं. झोलेकानं चार घास चावून चावून खाल्ले आणि ताट सारलं.

"आमचं अन्न गोड लागलं नाही वाटतं?" यजमानीण म्हणाली. "की बरं नाही तुला?"

झोलेका उभी राहिली.

"साखर आहे मला. त्यासाठी पोट कापून घेतलं, त्यात मरतामरता वाचले. आता इंजेक्शन सुटलंय, पोटात एवढंच मावतं. आणखी कुणाला विचारायचं असेल तर तोंडावर विचारा."

नोबान्तूनं ते ताट स्वतःकडे ओढलं आणि खाली मान घालून जेवू लागली.

गुडघे तिचे अजून दुखतात. गेल्या वर्षी थोडं वजन परतही आलं. परवा शेजारची थांडेका विचारायला आली, "करू का गं मी पण?" झोलेकानं झगा वर करून पोटावरचा व्रण दाखवला.

"नको म्हण तिला," नोबान्तू कोपऱ्यातून म्हणाली.

"मी का म्हणू? पोट तिचं आहे." मग थांडेकाला म्हणाली, "डॉक्टरकडे जा. काय काय बिघडू शकतं ते सगळं विचार. पटलं तर कर, नाहीतर नको. पण लोकांना विचारून ठरवू नकोस."