जावयाच्या ताटातली गोळी
खापरावर मांडे भाजल्याचा वास आला की मला तळोद्याजवळच्या आमच्या घरातली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मांडे-आमरसाची पंगत आठवते. आत्याचे यजमान म्हणजे घरचे जावई. त्यांना उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि ते बोलायचे फार. ‘रक्तदाबाच्या गोळ्या म्हणजे गुलामी,’ असं सांगून त्यांनी वडिलांच्या गोळ्या एकाएकी बंद करवल्या आणि तोरणमाळच्या कसल्याशा मुळ्यांचा काढा सुरू केला. आठवडाभरात वडील छाती धरून ओट्यावर कोसळले. थोडक्यात वाचले, आणि अशा गोळ्या एकदम का सोडल्या म्हणून डॉक्टरांची बोलणी आईने खाल्ली. जावयांना ती एक अक्षर बोलली नाही. आखाजीला ते जेवायला आले, तेव्हा आत्याने आईला हळूच सांगितलं की हे स्वतः रोज जेवणाआधी गोठ्यात जाऊन तसलीच गोळी घेतात, आणि त्या गोळ्यांचं पाकीटच तिच्या हातात दिलं. आईने भरल्या पंगतीत त्यांच्या ताटात आधी गोळी वाढली. “पाव्हना, पहिले गोळी, मंग रस.” “ही मन्ही नही,” ते पुटपुटले. “तुमनीच शे. लाजू नका. डॉक्टरले इचारा बिगर बंद करानी नही.” समोरून वडील म्हणाले, “घ्या हो, गुलामी संगेच करूत.” ताटात वाढलेलं जावयाने नाकारायचं नाही, हीही रीतच. त्यांनी सगळ्यांदेखत गोळी गिळली. क्षमेची थोरवी मी पुष्कळ पुस्तकांत वाचली आहे, पण त्या एका घोटाचं समाधान मला अजून कुठल्याच पुस्तकाने दिलेलं नाही.