थंडाव्याची किल्ली

भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी लतिकाताई शौचे यांना चैन पडत नाही. 'का टाकल्या असतील?' असं घोकत त्या इंदिरानगरात घरी येतात आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतात. कुणी उगाच चांगलं वागलं की यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. स्वभाव माहेरचा आहे. वडील नाशिकच्या रामकुंडावरचे उपाध्याय. यजमान दारात आला की पाट मांडायच्या आधी चार प्रश्न व्हायचे: नाव काय, आडनाव काय, गाव कोणतं, आजोबांचं नाव काय. उत्तरं वहीतल्या नोंदीशी जुळली तर या बसा, नाहीतर राम राम. दुसऱ्याचा यजमान चुकून आपल्याकडे आला तर घाटावर भांडणं पेटतात, म्हणून ही खबरदारी. लतिकाताई ते चार प्रश्न ऐकत वाढल्या. इंजिनियर झाल्या, सातपूरला एसीची मोठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला लागल्या, पन्नाशी ओलांडली, तरी ते प्रश्न काही सुटले नाहीत. मुलीची मैत्रीण पहिल्यांदा घरी आली की तिलाही चारही विचारून होतात. "ओळख नको का?" असं वर म्हणतात.

अशा बाईंनी अकरा वर्षांपूर्वी अख्ख्या जगाला एक वस्तू फुकट देऊन टाकली, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण दिली खरी. डेटासेंटर म्हणजे हजारो संगणक एका छताखाली रचून अष्टौप्रहर चालू ठेवलेली इमारत. ती तापते, आणि तिला थंड ठेवण्यात विजेचा फडशा पडतो. लतिकाताईंनी असं सॉफ्टवेअर लिहिलं की ही इमारत बांधायच्या आधीच पडद्यावर उभी करून बघता येते. कुठला कोपरा तापेल, वीज किती लागेल, एक कूलिंग यंत्र बंद पडलं तर किती मिनिटांत घाम फुटेल, सगळं कळतं. नाव ठेवलं 'थंडावा'. कारभार उघडा: कुणीही घ्यावं, आतली ओळ न् ओळ वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. मात्र आलेली दुरुस्ती मूळ प्रतीत घालायचा अधिकार एकट्या लतिकाताईंचा. त्याला त्या किल्ली म्हणतात.

वस्तू फुकट दिली म्हणून तिची उस्तवार फुकट होत नाही. देशोदेशीची कॉलेजं थंडावा वापरू लागली आणि तक्रारींचा ढीग वाढत गेला. एकशे त्रेसष्ट तक्रारी तुंबल्या. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास बसलं तर आठवड्याला तीन निपटायच्या, तोवर पाच नव्या. पोर्तुगालच्या एका प्राध्यापकाने तर एके दिवशी सरळ विचारलं, "इथे कुणी जिवंत आहे का?" लतिकाताईंना ते फार लागलं. मेल्याला फुकट मिळतंय, वर तोंड करून विचारतोय!

आणि नेमका तेव्हाच तो उगवला. पडद्यावर नाव 'फिन-२९', फोटोच्या जागी नुसता करडा गोळा. पहिलीच दुरुस्ती अशी की लतिकाताई बघत राहिल्या. एसीचा फिल्टर धुळीने तुंबला की हवा कमी येते, हे कुठलाही मेंटेनन्सवाला सांगेल. पण थंडाव्यातले फिल्टर अकरा वर्षं कोरे करकरीत होते. फिन-२९ ने ती चूक दाखवली, दुरुस्त केली, तपासणीचे आकडे जोडले आणि दोन ओळींचं साधं इंग्रजी लिहून गप्प झाला. मग दुसरी दुरुस्ती आली, दहावी आली, चाळिसावी आली. ना कधी मानपान मागितला, ना कधी रुसला.

आता तुम्ही-आम्ही असतो तर देव पावला म्हणून नारळ फोडला असता. लतिकाताईंची झोप उडाली. एवढा चांगला कसा? एकेक ओळ त्या तीनतीनदा तपासायच्या. चूक सापडली नाही की संशय दुप्पट व्हायचा. भीती अगदीच हवेतली नव्हती. दोनेक वर्षांमागे दुसऱ्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये असाच एक गुणी अनोळखी मदतीला आला, थकलेल्या मालकाचा विश्वास कमावला, किल्ली मिळवली आणि आत विष कालवलं. ते नशिबाने वेळेत उघडकीला आलं. तेव्हापासून लतिकाताई ताकही फुंकून पीत होत्या.

त्यात पोर्तुगालचं पत्र आलं. महिनाभरात किल्लीला दुसरा माणूस नेमा, फिन-२९ आहेच की, नाहीतर आम्ही सगळे विद्यार्थी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नेतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. किल्ली दिली नाही तर थंडावा माणसांवाचून मरणार, चुकीच्या हातात दिली तर अकरा वर्षांची अब्रू एका सकाळी जाणार.

मग बाईंनी पोलिसी खाक्या सुरू केला. फिन-२९ कधी काम करतो त्याच्या वेळा कॅलेंडरच्या मागे टिपू लागल्या. एक आठवडा संध्याकाळी पाचनंतर, पुढचा आठवडा सकाळी दहा ते एक, तिसऱ्यात भर दुपारी. शनिवारी मात्र सकाळपासून. "कुठल्या देशातलं घड्याळ म्हणायचं हे?" असं पुटपुटत त्या एकदा कारखान्याच्या कँटीनमध्ये बसल्या होत्या. भोंगा झाला, पहिली पाळी सुटली, दुसरी आत शिरली, आणि लतिकाताईंच्या हातातला चमचा हातातच राहिला. अगं बाई! ही तर पाळी! पहिली, दुसरी, तिसरी, आणि सातपूरच्या कारखान्यांची शनिवारची सुट्टी. म्हणजे हा चोर परदेशात नाही, इथेच सातपुरात आहे!

काखेत कळसा सापडल्यावर दुसरी बाई हसली असती. यांचा संशय आणखी पेटला. आपल्याच गावचा आहे, आपण कोण ते त्याला ठाऊक आहे, तरी आठ महिन्यांत एकदा नाव सांगत नाही? घरी येऊन त्यांनी मुलीपाशी, म्हणजे इरापाशी, मन मोकळं केलं.

"लपतोय म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं असणारच."

"आई, लाजाळू असेल गं."

"लाजाळू माणूस चाळीस चुका काढत नाही."

आणि त्यांनी पत्र लिहिलं, चक्क मराठीत. तुम्ही सातपूरचे आहात हे मी ओळखलंय. किल्ली द्यायचा विचार आहे, पण खात्री झाल्याशिवाय नाही. तरी पूर्ण नाव, आडनाव, मूळ गाव आणि वडील-आजोबांची माहिती कळवावी. खाली स्वतःचा पत्ता आणि फोन दिला. पत्र पाठवून त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या रात्री त्या आठ महिन्यांनी ढाराढूर झोपल्या.

चार दिवस उत्तर नाही, एकही दुरुस्ती नाही. "पळाला बघ! बरोबर नस पकडली," असं लतिकाताई इराला ऐकवत होत्या तेवढ्यात मेसेज आला: शनिवारी अकरा वाजता घरी येते. उत्तरं तोंडी देते.

येते? म्हणजे बाई आहे? लतिकाताईंनी तो मेसेज चारदा वाचला. शनिवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप उचलून गोदरेजच्या कपाटात घातला आणि कपाटाची चावी कमरेला खोचली. न जाणो, बोलता बोलता हात मारायची!

अकराला बेल वाजली. दारात तिशीची एक मुलगी, साधा कुर्ता, हातात हेल्मेट. चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. "मी फिन-२९," म्हणाली. लतिकाताईंनी पाणी दिलं, चहा आणून ठेवला. ती खुर्चीच्या कडेवरच बसली.

"नाव चैताली," तिने सरळ सुरुवात केली, तोंडी परीक्षा असल्यासारखी. "आडनाव गांगुर्डे. गाव निफाडकडचं, पण माझा जन्म सातपूरच्या कॉलनीतलाच. वडील सहादू गांगुर्डे, एसटीच्या डेपोत हेल्पर होते. मी तिथल्याच एका कारखान्यात कूलिंग प्लांटच्या मेंटेनन्सला आहे, तिन्ही पाळ्या. आजोबा रावजी. त्यांच्या मागचं आम्हाला माहीत नाही. कुणी लिहून ठेवलं नाही."

लतिकाताई मान डोलावत होत्या. सवयीने त्यांच्या ओठांवर 'छान छान' आलं होतं.

"आम्ही बौद्ध," चैताली म्हणाली. "हे तुम्ही विचारलं नव्हतं. पण चार उत्तरं मिळाली की पाचवं लोक आपलं आपण काढतात, म्हणून सांगून टाकलं."

"अगं, असं काय बोलतेस!" लतिकाताई उसळल्याच. "मी काय जात विचारली? आमच्यात तसलं काही नाही हं. मला फक्त सुरक्षेची काळजी. कोण कुठला माणूस, कळायला नको?"

"मग सांगा ना मॅडम, यातलं कुठलं उत्तर ऐकून तुम्ही किल्ली देणार होतात?"

लतिकाताईंनी तोंड उघडलं. आडनाव ऐकून काय तपासणार होत्या? गाव कळल्यावर कुठली ओळ बिनचूक ठरणार होती? वडील डेपोत होते की मंत्रालयात, त्याने विष कालवायचं थांबतं थोडंच? आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नांच्या पुढे काय असतं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"भाड्याने खोली बघायला गेले की हेच चार प्रश्न," चैताली शांतपणे म्हणाली. "पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत हेच. उत्तर दिलं की समोरच्याचा आवाज बदलतो, कधी थंड होतो, कधी फार गोड होतो. थंडाव्यात कुणी काही विचारलं नाही. तुम्ही माझी एकेक ओळ तीनदा बघायच्या, मला कळायचं. मला आवडायचं ते. कामावरचा संशय मला चालतो मॅडम. उलट मानच वाटतो."

आतल्या दाराशी इरा उभी होती. तिला राहवलं नाही. "आई, सुरुवातीला त्या फिनलंडच्या माणसाला किल्ली दिली होतीस ना? तीन आठवड्यांच्या ओळखीवर. नंतर तो गायबच झाला, म्हणून काढून घेतलीस. त्याच्या आजोबांचं नाव काय होतं गं?"

लतिकाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शरम वाटली, अगदी जमिनीत गडप व्हावं इतकी शरम वाटली. त्या माणसाचं धड आडनावही त्यांना उच्चारता येत नव्हतं, आणि त्याला त्यांनी आनंदाने किल्ली दिली होती, वर चार लोकांत मिरवलं होतं. त्या ताडकन उठल्या, कमरेची चावी काढली, कपाट उघडलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला. कपाटातून लॅपटॉप निघताना चैतालीने पाहिला, आणि का ठेवला होता तेही तिला समजलं.

"चुकलं माझं," लतिकाताई म्हणाल्या. "हे बघ, आत्ता देते. तुझ्यासमोर देते."

"नको मॅडम. या आठ महिन्यांत कधीही दिली असतीत तर ती माझ्या कामाची झाली असती. आत्ता दिलीत तर तुमच्या शरमेची होईल." हेल्मेट उचलून ती उठली. चहा टेबलावर तसाच होता. "दुरुस्त्या पाठवत राहीन. थंडाव्यावर माझा राग नाही."

ती गेल्यावर लतिकाताई रडल्या. इराने त्यांना रडू दिलं.

महिना संपला, पोर्तुगालचे विद्यार्थी गेले. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोन कॉलेजं गेली. चैतालीने मात्र शब्द पाळला. तिच्या पाळीच्या वेळा सांभाळून दुरुस्त्या येतात, पूर्वीसारख्याच नेटक्या. लतिकाताई त्या अजूनही तीनदा तपासतात, आता जरा जास्तच मन लावून. एखादी चूक सापडली तर बेधडक लिहितात, आणि तिकडून दुसऱ्या दिवशी ती सुधारून येते. त्यापलीकडे एक अक्षर येत नाही.

किल्लीचं निमंत्रण पाठवलं की ते सात दिवस टिकतं. तेवढ्यात समोरच्याने घेतलं नाही तर रद्द होतं, पुन्हा पाठवावं लागतं. लतिकाताई दर शनिवारी सकाळी चैतालीला ते पाठवतात. सोबत काही लिहीत नाहीत. काय लिहायचं ते त्यांना सुचलेलं नाही. आज अठरावं पाठवलं. आधीची सतरा न उघडताच रद्द झाली.