बासरी न वाजलेला रविवार

देवासला हंबीरराव जगदाळ्यांकडे रविवारी दुपारी चार वाजता एकच जुनं हिंदी गाणं लागतं, आणि तेच तीनदा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा फक्त वाद्यं, तिसऱ्यांदा शब्द. मधे कुणी बोललं की हंबीररावांचं बोट वर होतं. चहा शेवटी. आम्ही चार-पाच जण वर्षानुवर्षं जातो, आणि ऐकायचं कसं हे त्यांच्याकडूनच शिकलो.

माणूस कृषी खात्यातला. पहिली नेमणूक खातेगावला. लग्न नुकतंच झालेलं, भवानीबाई माहेरी धारला. बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या रेडिओवर विरहाचं एक गाणं लागलं आणि ते संपेपर्यंत हंबीररावांनी समोरची बस जाऊ दिली. त्यानंतर त्यांनी हजारो गाणी ऐकली असतील, पण जीव त्या एकात अडकला.

"ती बाई त्याला एकदाही दोष देत नाही," ते सांगतात. "दुसऱ्या कडव्यात दुसरी कुणी असती तर आवाज चढवला असता. ही खाली येते. आणि मग बासरी. चारच स्वर, पण तिला जे बोलवत नाही ते सगळं त्यात आहे."

गेल्या मे महिन्यात त्याच गाण्याची पाळी होती. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला गेलेला, म्हणून शेजारचे वीरेंद्र मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन आले. वीरेंद्र बँकेत आहेत. बैठकीला येतात ते मुख्यतः भवानीबाईंच्या शेवेसाठी. कूलर घरघरत होता. दुसरं कडवं संपलं, हंबीररावांनी डोळे मिटले, उजवा हात हळूच वर नेला. गाणं थांबल्यावर म्हणाले, "आज बासरी काय लागली!"

वीरेंद्र हसले. "काकासाहेब, बासरी आलीच कुठे? हे गाणं कट केलेलं आहे. बीच का म्यूझिक सब उडा दिया है."

हंबीररावांनी कूलरकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "बारीक आवाज येत नाहीत मला. बासरी आठवणीतली वाजते." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या रविवारपासून बैठक बंद. ज्याला ऐकू येत नाही, त्यानं दुसऱ्याला काय ऐकवायचं?"

ते रागात नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं. पुढचे दोन रविवार खरंच बंद राहिले.

भवानीबाई मात्र त्यांना इंदूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बघा मास्तर, दोन वर्षं मी स्वयंपाकघरातून हाका मारतेय आणि हे वर बघत नाहीत. मला वाटायचं, रुसलेत. मीही रुसून घेतलं."

तिसऱ्या रविवारी निरोप आला. प्लेअर दुरुस्त होऊन आला होता आणि हंबीररावांच्या कानात मशीन होतं. रेकॉर्ड लागली. बासरी आली तसा त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी मशीन काढून तळहातावर ठेवलं.

"पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी येते."

"तो फिर मशीन लिया काहे को?" वीरेंद्र.

"माझ्यासाठी," भवानीबाई दारात येऊन मोठ्यानं म्हणाल्या.

आम्ही हसलो, हंबीररावही हसले. पण हसू ओसरल्यावर त्यांचा हात प्लेअर बंद करायला पुढे झाला. तो मध्येच थांबला. ते वीरेंद्रकडे वळले.

"मला येत नाही. तुम्हाला आली ना? कशी आली, सांगा."

वीरेंद्र गडबडले. त्यांना आजवर कुणी असलं काही विचारलं नव्हतं. त्यांनी मशीन पुन्हा कानात घालायची खूण केली, आणि मशीन बसल्यावर अडखळत म्हणाले, "असं वाटलं काकासाहेब... कोणी दारापर्यंत आलं, उभं राहिलं, और बिना खटखटाए लौट गया."

"इतकी वर्षं मी चार स्वर मोजत बसलो," हंबीरराव म्हणाले. "दाराचं मला सुचलं नाही." मग सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि वीरेंद्रना म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर या, भिया. अजून पुष्कळ गाण्यांचं विचारायचंय."