उतरली की सोडा

मला माझ्याच लुगड्याच्या चिंध्यांनी खाटेला बांधलं होतं. पदर फाडला, दोन पट्ट्या काढल्या, एक या मनगटाला, एक त्या. लोखंडी खाट, सरकारी दवाखान्याची. तीही व्हरांड्यात. म्हणजे देगलूरकडून येणारा आणि तेलंगणात जाणारा प्रत्येक माणूस बघणार.

डॉक्टर दारातच थांबले.

"कुठल्या वस्तीतली?"

शिपायानं सांगितलं.

"मग झालं." तिथूनच मला विचारलं, "दारू पितेस का?"

"न्हाई, साहेब."

"खोटारडी." मग शिपायाकडे वळून, "हिला हात लावत बसू नका. उतरली की सोडा."

तोंडावर माशा बसत होत्या. हाकलायला हात नव्हते. लुगडं ओलं झालं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. जणू मला दिसलं नाही तर कुणालाच दिसणार नाही. शेजारच्या खाटेवर आमच्याच गल्लीतली गंगाबाई होती, तशीच बांधलेली. ती रात्रभर कण्हत होती, उजाडताना गप्प झाली. तिची उतरली. मग तिला सोडलं.

आणि मला सोडलं तेव्हा मी काय केलं असेल? डॉक्टरच्या पाया पडले! "चुकलं, साहेब," म्हणाले. काय चुकलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. माहेरहून, अर्धापूरहून, केळीची फणी आली होती, ती नेऊन दिली त्याला. केळी घेतली त्यानं. मला शिवत नव्हता, माझी केळी चालली. तेव्हाची ती मी, ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर तिच्या कमरेत लाथ घालीन.

पण एक सांगते. ती येडी होती, खोटारडी नव्हती.

आमच्याकडे शिंदीला कुणी दारू म्हणत नव्हतं. झाडाचा रस तो, थंड. उन्हाळी लागली, शिंदी घे. बाळंतिणीला दूध येईना, शिंदी पाज. कापूस वेचून आल्यावर आम्ही बायका दुकानाच्या मागच्या दाराशी ओळीनं बसायचो. दारू पिणाऱ्या पुरुषांना सगळ्यात जास्त शिव्या मीच द्यायची. विहारात पंचशील म्हणताना नशा न करण्याचं पाचवं शील आलं की माझा आवाज सगळ्यांच्या वर. आणि विहारातून निघाले की पाय थेट शिंदीच्या दुकानाकडे. मनात जराही खोट नाही! हसू नका, अशीच होते मी.

झाडं कमी होत गेली. दुकानातली शिंदी मात्र कमी होईना. पाण्यात कसलीतरी पांढरी पावडर कालवतात, अशी कुजबुज होती. आम्ही विचारलं नाही. गुण तर येत होता. मग एकदा दुकान बंद पडलं. आधी झोप गेली. मग हात कापायला लागले. भिंतीतून मुंग्या निघून माझ्या लेकरांच्या अंगावर चढताना दिसल्या. आणि चुलीपुढेच मी आडवी झाले.

उतरली की सोडा म्हणे. अहो, उतरली म्हणूनच तर झटका आला होता. हे मला माझे केस पांढरे झाल्यावर कळलं.

नंतर लातूरला बहिणीकडे जाऊन राहिले. डाळमिलमध्ये तूर निवडायचं काम. हात असे कापायचे की खडे सुपात राहायचे आणि डाळ जमिनीवर. मुकादम मला 'नाचणारी' म्हणायचा. हळूहळू हात थांबले. कुणा डॉक्टरनं थांबवले नाहीत. गंगाबाई मेली, मी जगले, एवढंच.

मग गावी परत आले, त्यालाही वर्षं झाली. आता आजच्या गोष्टीवर येते. माझी सून कमल. लेक पुण्याला मजुरीला, घर तिच्यावर. कापसाला जाते, येताना पुन्हा उघडलेल्या त्याच दुकानातून शिंदी पिऊन येते. मी भांडले की म्हणते, "आत्याबाई, तुमी किती पेल्या त्ये सगळ्या गावाला म्हाईत हाय." मला गप्प बसवायला तेवढं पुरतं.

त्यात गावात दवाखान्याचं काम बघणारी आशाताई आली. नांदेडला गावोगावच्या सरकारी डॉक्टरांचं ट्रेनिंग होतं. नशेच्या रोग्याला गावच्या दवाखान्यातच कसं बरं करायचं ते शिकवणार होते. "आज्जी, तुमी चला. बरा झालेला पेशंट दाखवायचा हाय त्यांना."

मी निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी शिंदीच्या दुकानावर धाड पडली. दाराला सील. सकाळी एसटीची वाट बघताना पाहिलं, बायका त्या सीलकडे बघत उभ्या होत्या. कमल मला सोडायला आली होती.

"जाऊन या. मला काय होत न्हाई," म्हणाली. पिशवी देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती, घामेजलेली.

मी बसमध्ये चढले. चढायला नको होतं.

नांदेडच्या हॉलमध्ये मला शाल घातली, नारळ दिला. शिकवणारे मोठे सर चांगलं शिकवत होते, खोटं कशाला सांगू? "नशा एकदम तुटली की जीवावर बेततं," म्हणाले. "औषध देऊन हळूहळू उतरवायची. गावातच होतं हे, शहरात पाठवायची वाट बघू नका." मी ताठ बसले. म्हणजे गंगाबाईला औषध होतं.

दुसऱ्या रांगेत आमच्याच गावच्या दवाखान्याचे डॉक्टर होते. लातूरचे, क्लास लावून डॉक्टर झालेले, पोरसवदा. मोबाईल बघत होते, मी माझी गोष्ट सांगत होते तेव्हाही.

"आजी, तेव्हा हात कसे थरथरायचे, जरा करून दाखवता का?" सर म्हणाले.

मला नाटकाची हौस. असे कापवले हात की बांगड्या वाजल्या. हॉल हसला. मीही हसले.

"बघा, या आजींनी त्यावेळी सांगितलं होतं, मी दारू पीत नाही. हे पेशंट खोटं बोलणार, असं धरूनच चालायचं. काय आजी, बरोबर ना?"

माझे हात थांबले.

"न्हाई."

"काय?"

"मी खोटं बोलले न्हाई. दारू इचारली, दारू पीत नव्हते. शिंदी पीत व्हते. ती कुणी इचारलीच न्हाई."

"एकच झालं ते, आजी."

"तुमाला एक. आमाला कुणी सांगितलं व्हतं?"

पुन्हा हसले सगळे. माझ्या आतली ती जुनी बाई लगेच कुजबुजली, हात जोड, बस खाली, जेवणात गुलाबजाम आहेत. लई गोड बोलते ती. तिचं ऐकलं नाही.

"सर, बांधून कसं ठेवतात ते दाखवायचं राहिलं. दाखवू?" आणि आमच्या डॉक्टरांना हाक मारली. "या साहेब, हितं बसा खुर्चीवर."

ते हसत आले. सत्काराची शाल मी अंगावरून काढली, पिळली, त्यांची दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांना बांधली. घट्ट. लोकांनी फोटो काढले. मग मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. नुसती बसले.

हसू विरत गेलं.

"आजी, सोडा आता."

"दारू पिता का?"

"नाही हो."

"खोटारडा."

त्यांचे कान लाल झाले.

"आजी, सोडा ना."

"उतरली की सोडते."

बऱ्याच वेळानं गाठ मीच सोडली. म्हणाले, "माझी सून कमल. दुकान बंद हाय. ती तुमच्या दारात येणार. तिला शिंदी इचारा."

"हो, आजी," ते म्हणाले. मनगट चोळत होते.

मी रात्रीच्या एसटीनं घरी परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी थापताना कमल परातीवरच कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ. ऑटोत घालून तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टर नव्हते. नांदेडला होते. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं.

व्हरांड्यात तीच खाट. वर निळा रंग दिलाय. कमल शुद्धीवर येत होती आणि हातपाय झाडत होती. शिपाई सुतळी घेऊन आला.

"काय करून राहिलास?"

"डॉक्टर उद्या येतील, आज्जी. पडंल ती. बांधून ठिवतो. उतरली की सोडू."

शब्द तेच. कुणी कुणाला शिकवले होते कोण जाणे. याचं ट्रेनिंग कुणाला लागत नाही.

मी खाटेवर चढून बसले. कमलचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले. "आधी मला बांध."

"आज्जी, तमाशा नका करू."

"फोन लाव तुझ्या साहेबाला."

डॉक्टर हळू आवाजात बोलले. "आजी, मी वर्गात आहे."

"मग वर्गाला ऐकू द्या. कमल आलीया."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सिस्टरला फोन द्या. तिला बांधू नका." सिस्टरनं कपाट उघडलं, सुई दिली, नांदेडला न्यायला गाडी बोलावली. गाडी अजून आलेली नाही. कमलनं डोळे उघडलेत, पण मला ओळखत नाही. "आत्याबाईच्या अंगावर मुंग्या चढल्या," असं मलाच सांगते. वाचेल का, ते सिस्टर सांगत नाही.

फाटकाशी दोन ऑटो थांबलेत. बायका उतरतायत. हात पदराखाली लपवलेले. दुकान बंदच आहे, म्हणजे अजून येतील.

सुतळी मी माझ्याखाली घेऊन बसले आहे. शिपाई मागतो. "सरकारी हाय, आज्जी." देणार नाही. डॉक्टर शिकून येवोत, न येवोत. या खाटेला आता कुणी बाई बांधली जाणार नाही. ज्याला बांधायचं असेल त्यानं आधी माझी मनगटं धरून बघावीत. ती आता कापत नाहीत.