मांडवाचा खटका

तीन घरांनी मिळून कॅम्पिंगला राहायचा एक ट्रेलर घेतला की वस्तू एकच येते, पण किस्से तिन्ही घरांत वेगवेगळे साठत जातात. आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या ग्रुपमध्ये कुणाकडे जेवायला जमलो, की श्रीखंड वाटीत पडायच्या आत ट्रेलरचा विषय निघतो. प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं! माझं व्हर्जन मात्र सगळे गालातल्या गालात हसत ऐकतात. का, ते येईलच ओघात.

आधी माणसं सांगतो. दामले काका सत्तरच्या दशकात इकडे आलेले. गाड्यांच्या कंपनीत जन्मभर इंजिनियर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. काकू त्यांना शोभतील अशाच, शिस्तीच्या. दुसरा नितीन देशकर, अस्सल नागपूरकर, माझ्याच ऑफिसमधला, आणि त्याची बायको पल्लवी. तिसरे आम्ही: मी अविनाश, माझी बायको माधुरी आणि दहा वर्षांची इरा. ट्रेलर काकांच्या घराशेजारी उभा असायचा, कारण आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, अंगणात बादली विसरली तरी असोसिएशनचं पत्र येतं. ट्रेलर ओढायला पिकअप ट्रकही काकांचाच.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आत्ताच कबूल करून टाकतो. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, हे आमच्या घरचं वळण. अमेरिकेत आल्यावर कुलूप दाराच्या आत गेलं, पण माझा हात काही थांबला नाही. गाडी रिमोटनं लॉक केली, ती टुक-टुक वाजली, तरी मी चारही हँडलं ओढून बघतो. इरा तोवर पार्किंग लॉटमध्ये दहा पावलं लांब जाऊन उभी राहते.

"बाबा, इट्स लॉक्ड! इट जस्ट टोल्ड यू!"

गाडी काय, काहीही सांगेल!

*

२००३च्या उन्हाळ्यात आम्ही तो ट्रेलर एका गोऱ्या आजोबांकडून सेकंडहँड घेतला. आजोबा फार हसत होते. आपली वस्तू विकताना माणूस इतका का हसेल?

ट्रेलरच्या एका बाजूला कापडी छत होतं, ऑनिंग. काकू पहिल्या दिवसापासून त्याला 'मांडव' म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. हा मांडव बटणावर उघडणारा नव्हता. कापड एका लांब नळीवर गुंडाळलेलं, नळीत जबरदस्त स्प्रिंग आणि नळीच्या टोकाला एक छोटा खटका. खटका वर असला की मांडव बंदच राहणार. आकड्याच्या काठीनं खटका खाली ओढला की कापड सुटं होणार, मग पट्टा धरून ओढत आणायचं आणि दोन बाजूंना दोन दांडे उभे करायचे.

"हा खटका म्हणजे लॉक," आजोबा म्हणाले. लॉक हा शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला.

"आणि वारा सुटला तर उघडा टाकून जाऊ नका," हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मी माधुरीच्या कानात म्हटलं, "तीनदा सांगतोय म्हणजे तीनदा फाटलाय."

"तीनदा सांगतायत, कारण तू ऐकत नाहीयेस!"

काकांनी सगळं मराठीत लिहून घेतलं आणि मांडव बंद करायच्या सात पायऱ्यांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सातवी पायरी अशी होती: 'खटका वर. नंतर हात लावू नये.'

सहा पायऱ्या मी नीट वाचल्या. सातवी सोपी वाटली.

*

पहिल्याच ट्रिपला पल्लवीची हिरवी बांधणीची ओढणी हरवली. धुऊन वाळत टाकली होती एवढं तिला आठवत होतं. कुठे टाकली होती, ते आठवत नव्हतं.

कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारच्या जागेत एक जोडपं होतं. त्यातली बाई आदल्या दिवशी पल्लवीला म्हणाली होती, "काय सुंदर कापड आहे!" मला तेवढं पुरलं. निघताना मी त्यांच्या दोरीवरचे कपडे लांबून तपासले. हिरवं काही नव्हतं. म्हणजे आत ठेवली असणार!

"अवि, लोकांचे कपडे काय बघून राहिला बे?" नितीन म्हणाला. "मार खाशील ना यार!"

मी ग्रुपवर ईमेल टाकली, की यापुढे काहीही बाहेर वाळत घालू नये, इथले लोक दिसतात तसे नसतात.

पुढच्या ट्रिपला नितीननं मांडव ओढला आणि कापडाच्या शेवटच्या वेटोळ्यातून ओढणी त्याच्या डोक्यावर पडली. नळीवरच वाळत घातली होती, मांडवाबरोबर गुंडाळली गेली होती. नवरदेवासारखा उभा राहून तो म्हणाला, "अवि, चोर सापडला बे!"

*

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही सगळे तळ्याच्या कडेनं फिरायला निघालो. मी काकांना म्हटलं, मांडव गुंडाळू या का. काका म्हणाले, "पानसुद्धा हलत नाहीये, राहू दे रे."

अर्ध्या वाटेवर असा वारा सुटला, की माधुरीची टोपी तळ्यात गेली. धावत परत आलो, तर आमच्या ट्रेलरशी एक दाढीवाला धिप्पाड माणूस, आणि आमची आकड्याची काठी त्याच्या हातात!

मी लांबूनच ओरडलो, "एक्सक्यूज मी!"

त्या बिचाऱ्यानं आमचा मांडव उडता-उडता धरला होता, एकट्यानं गुंडाळून बंद केला होता. काकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. काकूंनी त्याला चकल्या दिल्या. मी आत जाऊन आधी कॅमेरा जागेवर आहे का ते बघितलं.

पण त्या दिवसापासून माझ्या संशयाला नवीन जागा मिळाली. 'राहू दे' म्हणाले कोण? काका. जन्मभर मोजून-मापून काम केलेला माणूस, आणि आजोबांनी तीनदा सांगितलेलं विसरला?

त्याच ट्रिपला काकांनी लेव्हल लावून मांडव अगदी सरळ रेषेत उभा केला. पावसाचं पाणी वाहून जायला एक बाजू खाली ठेवायची असते, हे ते विसरले. रात्रभर पाणी साचून कापडाला पखालीसारखं पोट आलं. सकाळी काकूंनी खालून झाडूनं जरा टोचलं आणि सगळं पाणी पोह्यांच्या कढईत!

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. कढई पुसत हळूच मला म्हणाल्या, "हल्ली विसरतात रे. तुझ्या लक्षात येतं का?"

आता असं मला विचारायचं असतं का?

*

पुढच्या उन्हाळ्यापासून मी काकांवर नजर ठेवायला लागलो. निघताना ते सात पायऱ्या मोठ्यानं म्हणत मांडव बंद करायचे, "खटका वर!" म्हणायचे आणि ट्रककडे जायचे. मग मी कुणाचं लक्ष नाही असं बघून मागून जायचो आणि लॉक नीट बसलंय ना, याची खात्री करून यायचो. काकांना वाईट वाटू नये म्हणून कुणाला बोललो नाही. मला वाटायचं, केवढा समजूतदार माणूस आहे मी!

त्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच ट्रिपहून परत येताना फ्रीवेवर मागचा ट्रकवाला जीव खाऊन हॉर्न वाजवायला लागला. आरशात बघतो तर आमचा मांडव अर्धा उघडून शिडासारखा फुगलेला! काकांनी ट्रक कसाबसा कडेला थांबवला. ते पांढरेफटक पडले होते.

"मी खटका वर केला होता," ते म्हणाले.

नितीन दोरीनं मांडव बांधायला लागला. मी खात्री करून आलो होतो, हे मुद्दाम सांगितलं नाही. मी खात्री करूनसुद्धा उघडतोय, म्हणजे काकांनी मुळातच काय करून ठेवलं असेल!

पुढच्या ट्रिपला मी जास्त काळजी घेतली. तरी पुन्हा तेच. या वेळी एक दांडा वाकला. मागच्या गाडीत लहान मुलं होती, ती थोडक्यात वाचली.

"मी वर केला होता रे," काका पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज बारीक होता.

त्या आठवड्यात मी सांता क्लारा गावी राहणाऱ्या काकांच्या मुलाला फोन करून त्यांचं विसरणं कानावर घातलं. तो म्हणाला, "थँक्स, अविदादा. बरं झालं तू सांगितलंस." त्यानं आईला फोन केला. काकूंनी ट्रकच्या किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. तेहतीस वर्षं गाड्या बनवणारा माणूस देवळात जायला बायकोच्या शेजारी बसून जायला लागला. मला रात्री झोप लागत नव्हती, पण आपण योग्य तेच केलं, असं मी माधुरीला रोज सांगायचो.

*

डॉक्टरांनी काकांची मेमरी टेस्ट घेतली. तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. काकांनी तिन्ही बरोबर सांगितले. डॉक्टर म्हणाले, "ठीक दिसतंय, तरी लक्ष ठेवा."

ते 'तरी' काकांच्या फार जिव्हारी लागलं. घरोघरचे डबे जमवून केलेल्या गणपतीच्या पॉटलकला भेटले. मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या ऐवजी म्हणाले, "छत्री, पूल, संत्रं."

दिवाळीला भेटले. "छत्री, पूल, संत्रं. बरोबर ना रे?"

संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मीच म्हटलं, "छत्री, पूल, संत्रं, काका."

"तुला कुणी विचारलं होतं का?" असं म्हणाले आणि पुढे गेले.

*

पुढच्या उन्हाळ्यात ट्रेलर विकून टाकायचं ठरलं. त्याआधी एक शेवटची ट्रिप. ट्रक नितीन चालवणार होता. काकांनी एकच अट घातली.

"मांडव मी बंद करणार. आणि नितीन, तुझा व्हिडिओ कॅमेरा आण. मी काय करतो ते टेपवर राहू दे. पुन्हा उघडला, तर मी स्वतः म्हणेन की माझं डोकं गेलं. मग मला विचारू नका, ठरवून टाका."

काकू म्हणाल्या, "अहो, कशाला हे!" पण काका हट्टाला पेटले होते.

परत निघायच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सात पायऱ्या झाल्या. काकांनी एकेक मोठ्यानं म्हटली. मग सगळे सामान भरायला गेले.

घरापासून वीस मैलांवर हॉर्न. आरसा. मांडव.

काका घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

दुपारी काकांच्या फॅमिली रूममध्ये आम्ही सगळे बसलो. काकू डोळे पुसत होत्या. मीच कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली, रिमोट माझ्याच हातात होता. टेप सुरू झाली. काकांनी पट्टा धरून मांडव सावकाश गुंडाळला. दांडे बसवले. काठी वर नेली. "खटका वर!" काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, काठी ट्रेलरला टेकवली आणि निघून गेले. खटका वर होता. सगळ्यांना स्पष्ट दिसला.

"मग उघडला कसा?" पल्लवी म्हणाली.

टेप संपली नव्हती. नितीन कॅमेरा बंद न करताच पिकनिक टेबलावर ठेवून सामान उचलायला गेला होता. रिकामा ट्रेलर दिसत होता. मग डाव्या बाजूनं मी आलो.

मी आधी इकडे बघितलं. मग तिकडे बघितलं. काठी उचलली, आकडा खटक्यात अडकवला आणि कुलूप ओढून बघतात तसा एक घट्ट हिसका खाली दिला.

खट्!

टीव्हीवरच्या माझ्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की काय सांगू! हात झटकले, काठी जागेवर ठेवली आणि निघून गेलो. खटका खाली होता.

इरा म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा."

मला काकांकडे बघवेना. "काका..." एवढं म्हणालो आणि रिमोट खाली ठेवला. मागच्या वर्षीचा तो फोन, 'थँक्स, अविदादा', सगळं आठवलं.

काकू उठल्या. पर्स उघडली, ट्रकच्या किल्ल्या काढल्या आणि काकांच्या हातावर ठेवल्या. काकांनी मूठ मिटली. मग माझ्यासमोर दुसरा हात पसरला.

"अविनाश, तुझ्या घराची एक किल्ली माझ्याकडे देऊन ठेव. तू कुलूप ओढून बघून गेलास, की मी येऊन लावत जाईन."